ओडिनचे दोन पक्षी : नॉर्स परंपरेतला रेव्हन समजून घेताना

गळ्यातल्या लॉकेटवर, दंडावर गोंदवलेल्या नक्षीत आणि व्हिडिओ गेमच्या पडद्यावर अलीकडे एक मोठा काळा पक्षी वारंवार दिसू लागला आहे. ‘व्हायकिंग लोकांची प्राचीन रेव्हन-जादू’ असे सांगून ताईतांपासून ध्यानाच्या वर्गांपर्यंत काहीही विकले जाते. त्यातच डेन्मार्कमधील विंडेलेव्ह येथे सापडलेल्या सोन्याच्या चकतीवर ‘ओडिनचा माणूस’ असे शब्द कोरलेले असल्याचे मार्च २०२३ मध्ये जाहीर झाले. ती चकती पाचव्या शतकाच्या सुरुवातीची असल्याने ओडिन या देवाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सुमारे दीडशे वर्षे मागे गेला, आणि त्याच्या खांद्यावरच्या पक्ष्यांविषयीचे कुतूहल पुन्हा चाळवले गेले. या पक्ष्यांविषयी जुन्या साधनांत खरोखर काय आहे आणि नंतर काय चिकटवले गेले, हे वेगळे करून पाहता येते.

नॉर्स म्हणजे आजच्या नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड या प्रदेशांतील, एकाच जुन्या भाषेच्या बोली बोलणारे लोक. ‘व्हायकिंग’ हे खरे तर त्यांच्यातील समुद्री स्वाऱ्या करणाऱ्यांचे नाव, जे आपण सर्वांना सरसकट लावतो. आइसलँडने इसवी सन १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याआधीची आणि त्यानंतर लोकांच्या मनात रेंगाळलेली श्रद्धा हा या लेखाचा विषय आहे.

आधी पक्षी, मग देव

रेव्हन म्हणजे आपल्या खिडकीत येऊन पोळीचा तुकडा उचलणारा कावळा नव्हे. आपला गावकावळा साधारण ४० सेंटिमीटर लांबीचा असतो, तर रेव्हन ६० सेंटिमीटरहून मोठा, किलोभर किंवा त्याहून अधिक वजनाचा आणि पंख पसरले की चार-पाच फूट भरणारा. त्याची शेपटी पाचरीसारखी निमुळती असते, गळ्याखाली पिसांची दाढी लोंबते आणि आवाज ‘काव काव’ नसून घशातून खोल निघणारा ‘क्रॉक’ असा असतो. आपल्याकडचा डोमकावळा हा त्याचा नातलग असला तरी जात वेगळी आहे. भारतात खरा रेव्हन हिमालयात आणि वायव्येकडच्या कोरड्या भागात दिसतो. म्हणून या लेखात त्याला रेव्हनच म्हटले आहे.

पुढचे सारे ज्या एका गोष्टीवर उभे आहे, ती त्याच्या चोचीची आहे. ही चोच दणकट असली तरी मेलेल्या मोठ्या जनावराचे कातडे तिला फाडता येत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्याची गरज लागते, आणि उत्तरेच्या जंगलात तो दुसरा म्हणजे लांडगा. रेव्हन लांडग्यांच्या कळपामागे उडतात आणि शिकार पडली की काही मिनिटांत तेथे हजर होतात. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात लांडगे परत आणून सोडल्यावर अभ्यासकांनी हे सविस्तर नोंदवले. लांडगा नसेल तेथे हेच काम तलवार करते. सैन्य चालू लागले की पुढे मांस पडणार, हे समजायला या पक्ष्याला फार वेळ लागत नसावा.

आता ओडिनकडे पाहू. तो युद्धाचा, मृतांचा, काव्याचा आणि गुप्तविद्येचा देव. त्याच्या पायाशी गेरी आणि फ्रेकी हे दोन लांडगे, तर खांद्यांवर दोन रेव्हन. जंगलातले शिकारीनंतरचे दृश्यच जणू उचलून देवाच्या दरबारात मांडले आहे. कवीने कल्पना लढवली ती यानंतर.

हुगिन आणि मुनिन

या दोन पक्ष्यांची नावे हुगिन आणि मुनिन. पहिले नाव विचार किंवा चित्त या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. दुसरे स्मरण, मन, ओढ अशा अर्थांच्या शब्दकुळातले आहे, आणि ते कूळ आपल्या ‘मन’ या शब्दाचे दूरचे भाऊबंद आहे, कारण दोन्हींचा मूळ धातू एकच. म्हणजे मुनिन हा पक्षी ऐकायला वाटतो तितका परका नाही.

आइसलँडमध्ये १२७०च्या दशकात लिहिलेल्या एका हस्तलिखितात जुन्या देवकथांची कवने जपली गेली. त्यातल्या ‘ग्रीम्निस्माल’ या कवनात ओडिन स्वतः सांगतो की हुगिन आणि मुनिन रोज विशाल पृथ्वीवरून उडतात. हुगिन परतणार नाही याची मला भीती वाटते, पण मुनिनची चिंता त्याहून अधिक वाटते.

साऱ्या परंपरेचा गाभा या चार ओळींत आहे असे मला वाटते. आपण हेर पाठवतो तेव्हा तो काय बातमी आणील याची उत्सुकता असते. येथे देव बातमीविषयी काहीच बोलत नाही, तो परतीविषयी बोलतो. घरातली वृद्ध व्यक्ती नावे विसरू लागली की घरच्यांना जी धास्ती वाटते, तिच्याशी हे फार जवळचे आहे. विचार हरवला तर दुसरा सुचेल, पण आठवण गेली तर माणूसच जाईल.

अभ्यासकांचा एक गट याचा आणखी एक अर्थ लावतो. नॉर्स समजुतीनुसार माणसाचे चित्त देहातून बाहेर जाऊ शकत असे. तेराव्या शतकातला आइसलँडिक इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन सांगतो की ओडिनचा देह झोपल्यासारखा किंवा मेल्यासारखा पडून राही आणि तो स्वतः पक्षी, पशू, मासा किंवा साप होऊन क्षणात दूरदेशी जाई. मग रोज उडणारे ते दोन पक्षी म्हणजे देहाबाहेर पाठवलेले त्याचेच चित्त, आणि परत न येण्याची भीती म्हणजे समाधीतून न उठण्याची भीती, असे हे मत आहे. पटण्यासारखे आहे, मात्र कवनात तसे स्पष्ट म्हटलेले नाही, एवढे ध्यानात ठेवावे. स्नोरी स्वतः साधे वर्णन करतो : ओडिन त्यांना पहाटे सोडतो, न्याहारीच्या वेळेपर्यंत ते परततात आणि पाहिले-ऐकलेले सगळे त्याच्या कानात सांगतात. म्हणून ओडिनला ‘रेव्हन-देव’ असेही म्हणत.

मग यात ‘जादू’ कोठे आहे?

नॉर्स समाजात मंत्रतंत्राचा एक नामांकित प्रकार होता. त्याला ‘सेइद’ म्हणत. भविष्य सांगणे, दुसऱ्याच्या मनावर किंवा नशिबावर परिणाम घडवणे हे त्याचे काम, आणि ते मुख्यतः स्त्रियांचे मानले जाई. अशा एका भविष्यवेत्तीचे बारकाईने केलेले वर्णन ग्रीनलंडच्या वसाहतीसंबंधीच्या एका सागेत मिळते. (सागा म्हणजे जुन्या पिढ्यांची गद्य आख्याने.) तिच्या टोपीचे अस्तर मांजराच्या पांढऱ्या कातड्याचे आहे, हातात काठी आहे, कमरेच्या पिशवीत तिचे तंत्रसाहित्य आहे. रेव्हन मात्र कोठेच नाही. ‘सेइद करणारी स्त्री आणि तिच्या खांद्यावरचा रेव्हन’ हे आज सर्वत्र दिसणारे चित्र जुन्या साधनांतून आलेले नाही.

रेव्हनचे स्थान वेगळे आणि अधिक सार्वजनिक आहे. ते आहे शकुनात. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावरून निर्णय होतो. पाकळीत जादू आहे असे कोणी मानत नाही, देवाने होकार दिला असे मानतात. रेव्हनचे तसेच होते.

नॉर्वेचा सरदार हाकोन याची हकिकत स्नोरीने दिली आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कच्या राजाने त्याला बळजबरीने बाप्तिस्मा घ्यायला लावला आणि सोबत पाद्री दिले. हाकोनने वाटेतच त्या पाद्र्यांना किनाऱ्यावर उतरवून दिले, पुढे एका ठिकाणी मोठा बळी दिला, आणि त्याच वेळी दोन रेव्हन मोठ्याने ओरडत वरून गेले. ओडिनने बळी स्वीकारला, लढाई आपल्या बाजूने होणार, असा अर्थ त्याने घेतला. इतका ठाम की त्याने आपली जहाजे जाळून टाकली आणि सैन्य जमिनीवरून पुढे नेले.

पण हा पक्षी अशुभ नव्हता का?

प्रेतांवर जगणारा काळा पक्षी शुभ कसा, ही शंका रास्त आहे. उत्तर पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. एका जुन्या कवनात ओडिन सिगुर्द या वीराला युद्धाचे शकुन शिकवतो, आणि काळ्या रेव्हनची सोबत ही योद्ध्याला भरवशाची असते असे सांगतो. प्रेते पडणार हे खरे, पण ती शत्रूची.

दरबारी कवींची भाषाच या समजुतीवर उभी होती. ते वस्तूचे नाव सरळ न घेता सामासिक शब्द योजत, जसे आपण गणपतीला गजवदन आणि विष्णूला चक्रपाणी म्हणतो. त्यांच्याकडे रक्त म्हणजे ‘रेव्हनचे पेय’ आणि शूर योद्धा म्हणजे ‘रेव्हनला पोसणारा’. राजा हाराल्ड याच्यावरच्या इसवी सन ९००च्या आसपासच्या कवनात युद्धकन्या रेव्हनला विचारते की तुमच्या नख्यांना मांस चिकटले आहे, चोचीला प्रेताचा वास येतो, रात्री कोठे होता? आणि रेव्हन अभिमानाने राजाची चाकरी सांगू लागतात. आजच्या वाचकाला यात शिसारी येईल, त्या राजाच्या दृष्टीने मात्र ही अस्सल स्तुती होती.

आईने विणलेले निशाण

रेव्हनशी जोडलेली मंत्रशक्ती प्रत्यक्ष वस्तूत उतरलेली पाहायची असेल तर ती निशाणात पाहावी. इसवी सन ८७८ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन भागात डेनिश सैन्याचा पराभव झाला, तेव्हा ‘रेव्हन’ नावाचे निशाण हाती लागल्याची नोंद तेथील बखरीच्या काही प्रतींत आहे. नंतरच्या एका लेखनात अशी भर पडली की ते तीन बहिणींनी एका दुपारात विणले होते, आणि जय होणार असेल तर त्यावरचा पक्षी फडफडे, हार असेल तर मान टाकून लोंबे.

यापेक्षा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा सरदार सिगुर्द (वरच्या कवनातला वीर नव्हे) याची कथा अधिक बोलकी आहे. शत्रूचे सैन्य सातपट असल्याचे कळल्यावर तो आपल्या आयरिश राजकन्या असलेल्या आईकडे सल्ल्याला गेला. ती जाणकार, मंत्रविद्या येणारी. ती उखडली. तुला कायमचे जगायचे आहे हे आधी कळले असते तर तुला माझ्या लोकरीच्या टोपलीतच वाढवले असते, असे तिने सुनावले. मग तिने स्वतः विणलेले निशाण त्याच्या हाती ठेवले. वारा लागला की त्यावरचा रेव्हन उडतो आहे असे वाटे. ज्याच्यापुढे ते नेले जाईल त्याला विजय मिळेल, आणि जो ते हाती धरील त्याला मरण येईल, असा त्याचा गुण होता.

त्या लढाईत निशाण धरणारे तिघे एकामागून एक पडले आणि सिगुर्द जिंकला. पुढे २३ एप्रिल १०१४ रोजी डब्लिनजवळ क्लॉन्टार्फची मोठी लढाई झाली. तेथेही निशाण धरणारे मरत गेले, आणि शेवटी त्याला हात लावायला कोणी तयार होईना. सिगुर्दने एका माणसाला आज्ञा केली, तेव्हा तो म्हणाला, “तुझा सैतान तूच वाहा.” या माणसाचे नाव ह्राफ्न, म्हणजेच रेव्हन, हा सागाकाराचा खट्याळपणा असावा. भिकाऱ्याने आपली झोळी आपणच वाहावी हे बरे, असे म्हणत सिगुर्दने निशाण काठीवरून सोडवले, अंगावरच्या कपड्यात खोचले, आणि थोड्याच वेळात भाल्याने मारला गेला.

आईने दिलेल्या वरात लबाडी कोठेच नव्हती. विजयाची किंमत तिने पहिल्याच दिवशी सांगितली होती, फक्त तोवर ती दुसरे भरत होते.

समुद्रावर सोडलेले तीन पक्षी

आइसलँडच्या वसाहतीचा वृत्तांत सांगणाऱ्या ग्रंथात फ्लोकी नावाच्या नॉर्वेजियन माणसाची कथा येते. नवव्या शतकात निघण्यापूर्वी त्याने मोठा बळी देऊन तीन रेव्हन पवित्र केले आणि जहाजात घेतले. फेरो बेटांच्या पुढे गेल्यावर त्याने पहिला सोडला, तो मागच्या दिशेने उडून गेला. दुसरा उंच जाऊन पुन्हा जहाजावर आला. तिसरा पुढच्या दिशेने निघून गेला आणि त्याच दिशेला जमीन सापडली. याच फ्लोकीने पुढे हिमखंडांनी भरलेली खाडी पाहून त्या देशाला ‘बर्फाची भूमी’ असे नाव दिले. (मासेमारीच्या नादात त्याने गवत कापून ठेवले नाही, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात त्याची गुरे मेली. पवित्र पक्षी दिशा दाखवतात, वैरणीची आठवण करून देत नाहीत.)

महापुरात नौकेतून पक्षी सोडून जमीन शोधणाऱ्या नोहाच्या, बायबलमधल्या कथेची ही नक्कल नाही का? ग्रंथ लिहिणारे ख्रिस्ती होते, आणि तीनदा पक्षी सोडण्याचा घाट त्या कथेवरून आला असणे शक्य आहे. प्रथा मात्र नक्कल असण्याची गरज नाही. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात ‘तीरदस्सी’ म्हणजे किनारा पाहणाऱ्या पक्ष्याला घेऊन जाणाऱ्या समुद्रव्यापाऱ्यांचा दाखला आहे : जमीन दिसली तर तो जातो, न दिसली तर जहाजावर परततो. जातककथांत बावेरूला, म्हणजे बहुधा बाबिलोनला, जाणाऱ्या व्यापाऱ्यांसोबत ‘दिसाकाक’ आहे, म्हणजे दिशा दाखवणारा कावळा. सिंहलद्वीपाचे नाविक पक्षी सोडून दिशा ठरवतात असे रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवले आहे.

यामागचा हिशेब साधा आहे. समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला क्षितिज सुमारे ६ किलोमीटरवर दिसते, तर एक किलोमीटर उंच गेलेल्या पक्ष्याला सुमारे ११३ किलोमीटरवर. शिवाय रेव्हन पाण्यावर उतरू शकत नाही, म्हणून जमीन न दिसल्यास त्याला जहाजावरच यावे लागते. येथे पुन्हा तोच प्रश्न आला आहे : सोडलेला पक्षी परत येतो की नाही. फक्त ओडिनला ज्याची भीती होती, त्याचीच फ्लोकी आशा करत होता.

हे सारे स्नोरीनेच रचले असेल तर?

स्नोरी १२४१ मध्ये मारला गेला. आइसलँड ख्रिस्ती होऊन तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती, म्हणून हा आक्षेप टाळता येत नाही. त्यासाठी जमिनीतून निघालेल्या वस्तूंकडे पाहावे लागते. स्वीडनमधील वेंडेल येथील सातव्या शतकातल्या शिरस्त्राणाच्या पत्र्यावर भालाधारी घोडेस्वार आहे आणि त्याच्यासोबत दोन पक्षी आहेत. यॉर्कमधून राज्य करणाऱ्या ओलाफ या नॉर्स राजाच्या ९४०च्या सुमाराच्या नाण्यांवर रेव्हन आहे.

सर्वांत चटका लावणारी वस्तू डेन्मार्कमधील लायर येथे २००९ मध्ये सापडली. चांदीची ही मूर्ती पावणेदोन सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ९ ग्रॅम वजनाची आहे. नखाएवढ्या सिंहासनावर कोणीतरी बसले आहे आणि सिंहासनाच्या दोन हातांवर दोन पक्षी त्या व्यक्तीकडे वळून बसले आहेत. इसवी सन ९००च्या सुमाराची ही मूर्ती ओडिनची म्हणून जाहीर झाली, पण तिच्या अंगावरचा पायघोळ पोशाख आणि गळ्यातले दागिने स्त्रीचे असल्याचे अनेक तज्ज्ञांनी दाखवून दिले. देवी, भविष्यवेत्ती की स्त्रीवेषातला ओडिन, हा वाद मिटलेला नाही. चित्रांवर आणि मूर्तींवर नावे लिहिलेली नसतात, पण बसलेल्या किंवा घोड्यावरच्या थोर व्यक्तीच्या दोन बाजूंना दोन पक्षी, ही कल्पना स्नोरीच्या जन्माआधी कित्येक शतके रुजलेली होती, हे या वस्तूंवरून निश्चित दिसते.

मग आज विकले जाते ते काय आहे?

‘ओडिनची रेव्हन-जादू’ असे शीर्षक असलेले एक कवन आहे खरे. परंतु त्याच्या सर्व उपलब्ध प्रती सतराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या आहेत, बहुतेक अभ्यासक ते कवनही त्याच काळातले मानतात, आणि गंमत म्हणजे त्यात रेव्हन जवळजवळ नाहीतच. रेव्हनच्या शेजारी हमखास गोंदवले जाणारे आठ फाट्यांचे ‘व्हायकिंग होकायंत्र’ १८६० मध्ये तयार झालेल्या आइसलँडिक हस्तलिखितातले आहे, म्हणजे व्हायकिंग युग संपून आठशे वर्षे झाल्यानंतरचे.

जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करणाऱ्या मंडळींना आइसलँडमध्ये १९७३ साली अधिकृत धर्मसंस्था म्हणून मान्यता मिळाली. त्यांनी किंवा इतर कोणी रेव्हनला नवा अर्थ द्यावा, यात वावगे काही नाही. श्रद्धा नवीन असू शकते. तिला हजार वर्षांचा खोटा दाखला जोडून विकणे मात्र मला खटकते.

देव गेले, पक्षी राहिले

ख्रिस्ती धर्म आल्यावर रेव्हनची पत घसरली. स्वीडनच्या लोककथांत तो रात्री भटकणाऱ्या अतृप्त जीवाचे रूप झाला. डॅनिश लोकगीतांत तो लहान मुलाचे काळीज खाऊन माणूस होणारा शापित वीर झाला. आइसलँडमध्ये मात्र त्याने घराचा उंबरठा सोडला नाही. शरद ऋतूत रेव्हन एकत्र जमतात, त्याला तेथे ‘रेव्हनांची सभा’ म्हणतात, आणि त्या सभेत प्रत्येक शेतघरासाठी एकेक जोडी वाटून दिली जाते अशी समजूत आहे. मग हिवाळाभर ती जोडी त्या घराची. घरातले लोक तिला उरलेसुरले टाकतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून ठेवणाऱ्या मराठी माणसाला हे ओळखीचे वाटेल, मात्र तेथे त्या पक्ष्यात पूर्वज नसतात, तो नुसता शेजारी असतो. त्याला घातलेल्या घासाची फेड देव करतो, अशी तेथे म्हण आहे.

या म्हणीला जोडून वात्न्सदालुर खोऱ्यातली एक कथा सांगितली जाते. तेथील एका शेतघरातली मुलगी रोज एका रेव्हनला खाऊ घालत असे. १५४५ मधल्या एका सकाळी ती खाणे घेऊन बाहेर आली, तर तो खाली उतरला पण घास घेईना. ती जवळ गेली की तो थोडा पुढे उडून बसे, ती पुन्हा जवळ जाई, तो पुन्हा पुढे. असे करत ती कुरणापलीकडे बरीच दूर गेली, तेव्हा मागे डोंगराचा कडा सुटला आणि सारे घर त्याखाली गेले.